उत्सवाचे नैतिक अधिष्ठान : ‘नटीर पूजा’च्या निमित्ताने

१

विद्यापीठ ही ज्ञानव्यवहाराची संस्था आहे. तरीही वर्षातील काही दिवस ती गाते, नाचते, नाटक करते. या वस्तुस्थितीची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की तिच्यात एखादा प्रश्न दडलेला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. स्नेहसंमेलन, युवा महोत्सव, वर्धापनदिन, संस्थापकांची जयंती अशा निरनिराळ्या नावांनी हे उत्सव साजरे होतात. त्यांचे समर्थन विचारले तर दोन उत्तरे ठरलेली असतात. उत्सवामुळे विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो, हे पहिले. आणि उत्सवामुळे सांस्कृतिक वारसा जपला जातो, हे दुसरे. ही उत्तरे खोटी आहेत असे म्हणता येणार नाही. तथापि या दोन्ही उत्तरांत रंगमंचावर उभा असलेला विद्यार्थी साधनाच्या जागी आहे. पहिल्यात तो स्वतःच्या भावी रूपाचे साधन आहे, दुसऱ्यात परंपरेच्या संक्रमणाचे. प्रत्यक्ष प्रयोगाच्या क्षणी तो कोण आहे आणि त्याचे काय पणाला लागले आहे, या प्रश्नाला दोन्ही उत्तरे बगल देतात.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांच्या आधारे कलाविचाराची जी मांडणी केली, तिचे येथे स्मरण होणे अपरिहार्य आहे. अलौकिकतावादी भूमिका काटेकोरपणे घेतली तर कलाकृतीच्या संदर्भात नैतिक प्रश्न विचारणेच अप्रस्तुत ठरते. कलाकृती स्वायत्त असते आणि तिचे निकष तिच्यातच असतात. कवितेच्या बाबतीत ही भूमिका निदान मांडता तरी येते, कारण छापलेली कविता कवीपासून विलग होऊ शकते. नृत्य मात्र नर्तिकेच्या देहापासून वेगळे काढता येत नाही. प्रेक्षकाच्या आस्वादाचा विषय असलेली आकृती आणि उद्या गावातून, बाजारातून, नातेवाइकांच्या घरातून वावरणारी व्यक्ती यांचे अधिष्ठान एकच असते. त्यातही विद्यापीठातील नट हा व्यावसायिक नट नव्हे. ज्या संस्थेच्या उत्सवात तो उभा आहे तीच संस्था त्याला शिकवते, त्याची परीक्षा घेते, त्याला पदवी देते. त्याच्या संमतीला म्हणूनच एक प्रकारची संदिग्धता चिकटलेली असते. आज्ञा आणि विनंती यांतील सीमारेषा अशा ठिकाणी स्पष्ट राहत नाही.

तेव्हा प्रस्तुत लेखातील प्रश्न असा : आपल्या विद्यार्थ्याला प्रेक्षकांसमोर उभे करण्याचा नैतिक अधिकार विद्यापीठाला कोणत्या अटीवर प्राप्त होतो? या प्रश्नाचा विचार केवळ संकल्पनांच्या पातळीवर न करता एका प्रत्यक्ष उत्सवाच्या आधाराने करावयाचा आहे. तो उत्सव म्हणजे २५ वैशाख, अर्थात ८ मे १९२६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, विश्वभारतीच्या परिसरात झालेला रवींद्रनाथांचा जन्मदिन आणि त्या निमित्ताने सादर झालेले ‘नटीर पूजा’ हे नाटक. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी उत्सव आणि नाट्य यांच्या नात्याविषयी आपल्या परंपरेत जी मूळकथा सांगितली गेली आहे, ती लक्षात घेणे उपयुक्त ठरेल.

२

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायानुसार पहिला नाट्यप्रयोग झाला तो इंद्राच्या ध्वजमहोत्सवात. उत्सव विजयाचा होता आणि प्रयोगाचा विषयही देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय हाच होता. प्रेक्षकांत दैत्यही होते. आपल्या पराभवाचे अनुकरण पाहून ते क्षुब्ध झाले, विरूपाक्षाच्या नेतृत्वाखाली त्यांनी विघ्ने उभी केली, आणि नटांची वाणी, त्यांच्या हालचाली व त्यांची स्मृती स्तंभित झाली. पुढे इंद्राने ध्वजदंडाने, म्हणजे जर्जराने, विघ्नांचे पारिपत्य केले. विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले. देवांकडे त्याच्या रक्षणाचे काम सोपविले गेले. आणि शेवटी ब्रह्मदेवाने दैत्यांची समजूत घातली.

या कथेचे विवेचन करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा ब्रह्मदेवाच्या उत्तराकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. नाट्य हे एका पक्षाचे नसून तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे, हा सिद्धान्त तेथे येतो. पण प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने कथेतील दुसरा एक तपशील अधिक महत्त्वाचा आहे. उत्सव इंद्राचा, नाट्यवेद ब्रह्मदेवाचा, अपमान दैत्यांचा. मात्र वाणी, हालचाल आणि स्मृती गोठते ती नटांची. उत्सवाचा धनी आणि उत्सवाने दुखावलेला यांच्यातील वैर ज्या जागी प्रत्यक्ष घडते ती जागा नटाचा देह ही आहे. भरताच्या शंभर पुत्रांनी हा विषय निवडलेला नव्हता. त्यांना तो नेमून दिलेला होता.

ब्रह्मदेवाच्या उत्तरातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. उत्सव हा नेहमी कोणाचा तरी असतो. नाट्य मात्र कोणा एकाचे राहू शकत नाही. उत्सवाला धनी असणे आणि नाट्याला धनी नसणे या दोहोंत मूलभूत ताण आहे. संस्थात्मक कलोत्सव हा या ताणाच्या पोटीच जन्माला येतो. संस्थेला वाटते की प्रयोग आपला आहे, कारण निमित्त आपले, खर्च आपला, मंच आपला. प्रयोग चांगला असेल तर मात्र तो संस्थेच्या हातून निसटतो आणि तिने न नेमलेले काही बोलू लागतो.

३

शांतिनिकेतनातील ऋतूत्सवांचा आरंभ १९०७ साली झाला असे मानले जाते. तो रवींद्रनाथांनी केलेला नाही. त्यांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ त्या वेळी दहा वर्षांचा होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी वसंतपंचमीला ऋतूंची रूपे घेऊन हा खेळ मांडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शमींद्रनाथ पटकीने मुंगेर येथे वारला. पुढे ‘शारदोत्सव’ (१९०८) हे नाटक आले, १९२१ साली कलकत्त्यास जोडासाँको येथे वर्षामंगल झाले, १९२८ साली वृक्षारोपण आणि श्रीनिकेतनातील हलकर्षण यांची भर पडली. मुलांचा खेळ हळूहळू संस्थेचे पंचांग बनला. १९०१ सालचे ब्रह्मचर्याश्रम विद्यालय १९२१ साली विश्वभारती झाले होते. संस्थेला आता बाह्य जग होते, पाहुणे होते, वृत्तपत्रे होती आणि पैशाची कायमची चणचणही होती. दहा वर्षांच्या मुलाच्या खेळाला प्रेक्षकाची गरज नव्हती. विश्वविद्यालयाच्या उत्सवाला मात्र ती होती.

१९२६ सालच्या जन्मदिनासाठी आश्रमातील मुलींना करता येईल असे नाटक हवे होते. प्रतिमादेवींच्या आग्रहावरून रवींद्रनाथांनी आपल्याच ‘पूजारिणी’ या जुन्या कवितेचा विषय पुन्हा हाती घेतला. मूळ कथा अवदानशतकातील. नाटकात सर्व भूमिका स्त्रियांच्या होत्या. बिंबिसाराने राज्य सोडले आहे, अजातशत्रूने बुद्धपूजेला बंदी केली आहे. राजवाड्यातील नर्तकी श्रीमती हिला वसंतपौर्णिमेला अशोकवनातील वेदीवर पूजा करण्याचा मान भिक्षुसंघाकडून मिळतो. राजकन्या रत्नावली हिला हा मान असह्य होतो. तिच्या प्रेरणेने श्रीमतीला आज्ञा होते की तिने त्याच वेदीसमोर नृत्य करावे. हेतू स्पष्ट आहे : नर्तकीच्या नृत्याने वेदी विटाळावी आणि वेदीच्या साक्षीने नर्तकीला तिची पायरी दाखवावी. श्रीमती आज्ञा मोडत नाही, ती नाचते. नाचता नाचता एकेक अलंकार उतरवते आणि आत भिक्षुणीचे वस्त्र प्रकट होते. विटाळण्यासाठी नेमलेले नृत्य हीच पूजा ठरते आणि रक्षिणींच्या हातून तिला मरण येते.

या नाटकाचे धार्मिक वा मानवतावादी आशयाच्या अंगाने पुष्कळ विवेचन झाले आहे. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते आज्ञा आणि प्रयोग यांच्या नात्याकडे. श्रीमतीसमोर तीन मार्ग होते. नाचण्यास नकार देणे हा पहिला. नकाराने तिचे शील वाचले असते, पण नृत्य ही हीन गोष्ट आहे हे रत्नावलीचे म्हणणे तिने आपल्या कृतीने मान्य केल्यासारखे झाले असते. सांगितल्याप्रमाणे नाचणे हा दुसरा. त्यात ती आज्ञेचे साधन झाली असती. तिने तिसरा मार्ग घेतला. कृती तीच ठेवून तिचा अर्थ आपल्या ताब्यात घेतला. नेमून दिलेल्या प्रयोगाला न नेमलेला अर्थ देण्याचे हे सामर्थ्य म्हणजेच नटाचे कर्तृत्व, आणि ते सिद्ध करण्यासाठी तिला मूल्य द्यावे लागले.

आता या नाटकाचे निमित्त पुन्हा आठवावे. संस्थापकाच्या जन्मदिनाचा तो उत्सव होता, म्हणजे ज्या उत्सवात आज्ञा आणि भक्ती यांची सरमिसळ होण्याचा संभव सर्वाधिक असतो, तो. त्याच प्रसंगी, त्याच संस्थेतील मुलींकडून, आज्ञेने घडवून आणलेल्या नृत्याची शोकांतिका सादर झाली. रवींद्रनाथांना ही विसंगती अभिप्रेत होती की नव्हती, हे ठरविण्याची गरज नाही. संहितेत ती आहे एवढे पुरेसे आहे. उत्सवाने आपल्याच विरोधातील पुरावा आपल्या पोटात ठेवला होता.

४

श्रीमतीची भूमिका नंदलाल बोस यांची कन्या गौरी हिने केली. शांतिनिकेतनातील प्रयोग हा घरचा प्रयोग होता. प्रेक्षक मुलींना ओळखणारे होते. जानेवारी १९२७ मध्ये तेच नाटक कलकत्त्यास जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यात झाले तेव्हा परिस्थिती बदलली. भद्र घरातील अविवाहित मुलीने लोकांसमोर नाचावे ही गोष्ट त्या काळच्या कलकत्त्यात सहजासहजी पचण्यासारखी नव्हती. नृत्य आणि ‘नटी’ या शब्दांना जो सामाजिक अर्थ चिकटलेला होता तो नाटकातील राजवाड्यापुरता मर्यादित नव्हता. नाटकात रत्नावली श्रीमतीविषयी जे म्हणत होती, ते म्हणणारे लोक आता प्रेक्षागृहात आणि प्रेक्षागृहाबाहेर होते. या वेळी रवींद्रनाथांनी नाटकात उपाली नावाच्या भिक्षूची एक पुरुष भूमिका वाढविली आणि पासष्ट वर्षांचे रवींद्रनाथ स्वतः त्या भूमिकेत रंगमंचावर आले. मुलींवर येऊ शकणारा बोल आपल्यावर यावा, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले जाते.

या कृतीचे दोन अर्थ संभवतात आणि दोन्हींना वजन आहे. पहिला असा की ही संरक्षणाची पितृसत्ताक रीत आहे. मुलीचे नृत्य स्वतःच्या बळावर निष्कलंक ठरू शकत नाही. त्याला एका वृद्ध, विश्वविख्यात, शुभ्रकेशी पुरुषाच्या उपस्थितीचे प्रमाणपत्र लागते. ज्या नाटकात श्रीमती कोणाच्याही अनुज्ञेवाचून स्वतःच्या नृत्याचा अर्थ ठरवते, त्याच नाटकाच्या प्रयोगात तिची भूमिका करणाऱ्या मुलीला अनुज्ञेच्या छत्राखाली उभे केले जाते. स्त्रीवादी समीक्षेने हा आक्षेप घ्यायलाच हवा आणि तो चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही.

दुसरा अर्थ उपालीच्या भूमिकेतून निघतो. उपाली तेथे रक्षक म्हणून येत नाही. तो भिक्षा मागणारा म्हणून येतो. श्रीमतीपाशी देण्यासारखे काही आहे, हे ओळखून तो तिच्यापाशी याचना करतो. म्हणजे कवीने स्वतःसाठी जी जागा घेतली ती देणाऱ्याची नव्हती, घेणाऱ्याची होती. संस्थेचा प्रमुख विद्यार्थिनीसमोर हात पसरून उभा आहे, हे दृश्य प्रमाणपत्राच्या दृश्याहून वेगळे आहे. शिवाय प्रेक्षकांत बसून कौतुक करण्याची, वा भाषणातून पाठिंबा देण्याची सोय रवींद्रनाथांना उपलब्ध होती. ती त्यांनी घेतली नाही. बोल लागणारच असेल तर तो ज्या जागी लागतो त्या जागी, म्हणजे रंगमंचावर, ते स्वतः गेले.

या दोन अर्थांत निवड करण्यापेक्षा ते एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत हे मान्य करणे अधिक प्रामाणिक ठरेल. विषम समाजात जोखमीत सहभागी होणाऱ्या समर्थाचा सहभाग त्याच्या सामर्थ्यापासून मुक्त नसतो. तो सहभागही असतो आणि छत्रही असते. पण जोखीम वाटून घेणे सदोष आहे म्हणून ती वाटून न घेणे निर्दोष ठरत नाही. येथे आपल्या मूळ प्रश्नाच्या उत्तराची दिशा दिसू लागते. नाट्यशास्त्रातील कथेत नटांची वाणी गोठते तेव्हा इंद्र दंड उगारतो. त्याची स्वतःची वाणी गोठत नाही. १९२७ सालच्या प्रयोगात उत्सवाचा धनी नटांच्या रांगेत येऊन उभा राहिला. या दोन प्रतिमांमधील अंतर नैतिक अंतर आहे.

५

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकतो. प्रश्न जोखमीचा नसून प्रेक्षकाच्या अस्तित्वाचाच आहे. प्रेक्षक नाहीसा केला, सर्वांना सहभागी केले, की प्रश्नही नाहीसा होईल. या भूमिकेचा प्रभावी पुरस्कार रूसोने दालांबेरला लिहिलेल्या पत्रात (१७५८) केला आहे. नाट्यगृहातील माणसे काळोखात एकेकटी बसतात. त्याऐवजी मोकळ्या चौकात लोकांनी जमावे आणि पाहणाऱ्यांनाच खेळाचे पात्र करावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. बाख्तिनचा कार्निव्हलचा विचारही याच वळणाचा आहे. कार्निव्हलमध्ये रंगमंच आणि प्रेक्षक अशी फाळणी नसते. गाडामेरने १९७४ साली साल्झबुर्ग येथील विद्यापीठीय सप्ताहांत, म्हणजे एका उन्हाळी विद्याव्यवहारातच, जी व्याख्याने दिली त्यांत कलेला क्रीडा, प्रतीक आणि उत्सव या तीन संकल्पनांच्या आधारे समजावून घेतले. त्याच्या मते काम माणसांना वेगळे करते, उत्सव त्यांना एकत्र आणतो. उत्सवाचा काळ घड्याळाने मोजला जात नाही, तो स्वतःच भरलेला असतो.

शमींद्रनाथाचा १९०७ सालचा खेळ या वर्णनात चपखल बसतो. पण संस्थेचा उत्सव तेथे थांबू शकत नाही. सहभागाचे हे चित्र रम्य असले तरी त्यात दोन गोष्टी सुटून जातात. एक म्हणजे, सर्वांच्या उत्सवातही कोणीतरी मांडव घालतो, कोणीतरी पाणी भरतो, आणि एकत्र येणाऱ्यांच्या वर्तुळाला परीघ असतोच. दैत्यांना त्या परिघाचा अनुभव होता. दुसरे म्हणजे, प्रेक्षक नसेल तर श्रीमतीच्या कृतीलाही अर्थ उरत नाही. तिचे अलंकार उतरणे कोणीतरी पाहावे लागते, आणि पाहणाऱ्यांत रत्नावलीही असावी लागते. अखेरीस रत्नावली नमते ती पाहिल्यामुळे. प्रेक्षकाच्या नजरेत अपमानाची शक्यता आहे म्हणून ती बंद केली, तर परिवर्तनाची शक्यताही बंद होते.

विश्वभारतीच्या अलीकडच्या इतिहासात हा पेच पुन्हा समोर आला आहे. वसंतोत्सवाला लोटणारी गर्दी संस्थेला न पेलणारी झाली, आणि २०२० नंतर काही वर्षे तो सर्वांसाठी खुला न ठेवता विद्यापीठाने आपल्यापुरता साजरा केला. आम्रकुंजात रंग उधळण्यासाठी येणाऱ्या पर्यटकाला प्रयोग पाहावयाचा नसतो, त्याला तेथे आपण असल्याचे छायाचित्र हवे असते, हे खरे आहे. मराठी वाचकाला या दोन प्रकारच्या पाहुण्यांमधील फरक वेगळा सांगण्याचे कारण नाही. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि त्यातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक आले. पाहण्याआधी भाषा शिकण्याचे कष्ट घेणारा प्रेक्षक आणि काही तासांसाठी उतरणारा प्रेक्षक यांना एकच दार असू शकते का, हा प्रश्न रास्त आहे. पण दार बंद करणे हे त्याचे उत्तर नव्हे. ती उत्तराची टाळाटाळ आहे. अभिनवगुप्तांचा सहृदय हा काव्यानुशीलनाच्या अभ्यासाने घडतो. तसा प्रेक्षक घडविणे हे विद्यापीठाचे काम नसेल तर दुसऱ्या कोणाचे असणार?

६

उरतो तो पैशाचा प्रश्न, आणि तो टाळून या विषयाची चर्चा पुरी होत नाही. मार्च १९३६ मध्ये पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले रवींद्रनाथ विश्वभारतीसाठी निधी जमविण्याकरिता विद्यार्थ्यांचा संच घेऊन उत्तर भारतात प्रयोग करीत फिरत होते. दिल्लीत गांधीजींनी साठ हजार रुपयांची रक्कम मिळवून दिली आणि या वयात अशी वणवण करू नये अशी विनंती केली. गांधीजींना खटकली ती कवीची फरफट. त्या सहानुभूतीत काही वावगे नव्हते. परंतु तिचा रोख कवीवर होता, त्याच्यासोबत गावोगावी नाचणाऱ्या मुलामुलींवर नव्हता. त्यांच्या बाजूने प्रश्न विचारला तर तो असा होईल : संस्थेची तूट भरून काढण्यासाठी आम्ही नाचतो तेव्हा आमचे नृत्य आमचे राहते का?

कांटच्या सुप्रसिद्ध सूत्रात माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये असे म्हटले आहे. त्यातील ‘केवळ’ हा शब्द येथे निर्णायक आहे. निधीसाठी केलेला प्रयोग हा साधन असतोच. तो केवळ साधन आहे की नाही, हे तिकीट लावल्यावरून वा न लावल्यावरून ठरत नाही. विनामूल्य उत्सवातही विद्यार्थी केवळ साधन होऊ शकतो. आजच्या आपल्या विद्यापीठांत युवा महोत्सव गुणांच्या तक्त्यावर चालतो. मूल्यांकन व अधिस्वीकृतीच्या अहवालात सांस्कृतिक स्पर्धांतील पारितोषिकांची संख्या भरावी लागते. लावणी करणारी मुलगी, एकांकिकेतील मुलगा यांचे श्रम एका रकान्यातील आकड्यात जमा होतात. तेथे पैशाचा प्रत्यक्ष व्यवहार नाही, तरीही ‘केवळ’ या शब्दाची मर्यादा ओलांडली जाते. याउलट निधीसाठी फिरणाऱ्या त्या संचात शिकवणारा आणि शिकणारा एकाच प्रवासात, एकाच रंगमंचावर होते. तेथे ती मर्यादा पाळली जाण्याची शक्यता तरी होती.

वरील विवेचनातून ज्या अटी हाती लागतात त्या थोडक्यात अशा मांडता येतील. पहिली अट अर्थाविषयी आहे. नेमून दिलेल्या प्रयोगाला न नेमलेला अर्थ देण्याचे स्वातंत्र्य नटाला असले पाहिजे, आणि तो अर्थ संस्थेच्या विरोधात गेला तरी संस्थेने तो ऐकून घेतला पाहिजे. दुसरी अट जोखमीविषयी आहे. विद्यार्थ्याच्या प्रयोगावर बोल आला, तर तो प्रथम संस्थेवर आला आहे असे मानून तिने रंगमंचावर त्याच्या शेजारी उभे राहिले पाहिजे. आपल्याकडे घडते ते बहुधा उलट असते. एकांकिकेवरून गदारोळ झाला की संस्था खुलासा काढते, चौकशी समिती नेमते, आणि प्रयोगाशी आपला संबंध नाही असे कळविते. बक्षीस मिळाले की तोच प्रयोग संस्थेचा होतो. यशात धनी आणि संकटात तिऱ्हाईत ही भूमिका इंद्रानेही घेतली नव्हती. त्याने निदान दंड तरी उचलला होता.

रवींद्रनाथांच्या दिग्दर्शनाखाली न्यू थिएटर्सने चित्रित केलेला ‘नटीर पूजा’ (१९३२) हा चित्रपट पुढे आगीत नष्ट झाला. संहिता आपल्यापुढे आहे. प्रयोग आठवणींतून आणि उल्लेखांतूनच उरला आहे. त्या प्रयोगाचे कलामूल्य ठरविण्याचे साधन आज आपल्यापाशी फारसे नाही. तो ज्या नैतिक रचनेत घडला ती रचना मात्र तपासता येते, आणि आपल्या उत्सवांना तिच्यासमोर उभे करता येते. पुढील महोत्सवाच्या निवडसमितीत बसणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने संहिता हाती घेताना, गुण देण्यापूर्वी, या मुलांवर काही आले तर त्यांच्या शेजारी आपण कोठे उभे असू, एवढे स्वतःशी ठरवून घ्यावे.